बॉम्ब नव्हे, गॅसची पाइप फुटली! (युद्ध, सेन्सॉर आणि लोकांचं ‘मनोधैर्य’)

कंदील

८ सप्टेंबर १९४४. संध्याकाळचे पावणेसात वाजत आलेले. लंडनच्या चिझिक भागात स्टेव्हली रोडवर एकाएकी प्रचंड स्फोट झाला. भोंगा वाजला नव्हता, विमानाची घरघर नव्हती. गडगडाट आला तोही स्फोटानंतर, कारण आलेली वस्तू आवाजापेक्षा वेगाने आली होती. रस्त्यात भलामोठा खड्डा पडला, तीन माणसं गेली. इंग्लंडवर पडलेलं ते पहिलं जर्मन व्ही-२ रॉकेट.

गंमत म्हणजे आदल्याच दिवशी चर्चिल यांचे जावई डंकन सँडिस पत्रकारांना सांगून बसले होते, की शेवटचे चार-दोन फटके सोडले तर लंडनची लढाई संपली. आता काय सांगायचं? सरकारने काहीच सांगितलं नाही. गॅसची मुख्य पाइप फुटली असावी अशी बोलवा उठली आणि ती खोडायची तसदी कुणी घेतली नाही. रोज कुठे ना कुठे ‘गॅसची पाइप’ फुटू लागली, तेव्हा लंडनकरांनी तिचं नाव ठेवलं ‘उडती गॅस-पाइप’. चर्चिल यांनी संसदेत रॉकेटची कबुली दिली १० नोव्हेंबरला. म्हणजे दोन महिने जे लाखो लोक कानांनी ऐकत होते, त्याचा छापील शब्द कुठेच नव्हता.

धागा काढायचं कारण असं. ‘जनतेचं मनोधैर्य खचू नये म्हणून’ हे वाक्य दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनबद्दल वाचताना सारखं समोर येतं. मला त्यातला ‘जनतेचं’ हा शब्द खटकायला लागलाय. लोकांना जे आधीच ठाऊक होतं ते लोकांपासून लपवून नक्की कुणाचं धैर्य टिकत होतं?

थोडी पार्श्वभूमी. युद्ध पुकारलं ३ सप्टेंबर १९३९ ला आणि दुसऱ्याच दिवशी माहिती मंत्रालय उभं राहिलं, लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये. काम दुहेरी: बातम्या गाळायच्या आणि प्रचार करायचा. पावणेदोन वर्षांत चार मंत्री झाले: मॅकमिलन, मग बीबीसी घडवणारे रीथ, मग डफ कूपर, आणि जुलै १९४१ पासून ब्रेंडन ब्रॅकन. शेवटचेच टिकले, कारण लोकांना उपदेशाचे डोस पाजू नका, माहिती द्या, हे त्यांना कळलं होतं.

सुरुवातीच्या लोकांना का कळलं नाही? माझ्या मते त्यांना भीती जर्मनांइतकीच स्वतःच्या लोकांची वाटत होती. १९३८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाने अंदाज दिला होता, की बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ३० ते ४० लाख लोकांना मानसिक उपचार लागतील. तसं काहीच झालं नाही. पण मंत्रालयाची मांडणी त्या भीतीवर झाली होती: जनता म्हणजे काचेचं भांडं.

---

खडूफळा

उत्तम विषय. त्या ‘काचेच्या भांड्या’चा पुरावा म्हणजे मंत्रालयाची पहिली तीन पोस्टरं. त्यातलं एक म्हणत होतं: तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांनी लगेच पकडलं: राबायचं ‘तुम्ही’ आणि जिंकायचं ‘आम्ही’! तिसरं पोस्टर आज कपांवर आणि टी-शर्टांवर दिसणारं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा, आपलं चालू ठेवा). त्याच्या सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या, घनघोर हल्ल्यांसाठी राखून ठेवल्या, आणि बहुतेक सगळ्या १९४० मध्ये कागदटंचाईत लगद्याला गेल्या. २००० साली अ‍ॅल्निकच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि तिथून ते जगभर झालं. ज्या पोस्टरने ‘ब्रिटिशांना धीर दिला’ असं आपण समजतो, ते त्या ब्रिटिशांनी जवळजवळ पाहिलंच नव्हतं.

---

बिनतारी

कंदील, थोडं थांबा. व्ही-२ चं उदाहरण तुमच्या मुद्द्याला उलटं जातं. रॉकेट डागणाऱ्याला ते कुठे पडलं हे दिसत नाही. नेम दुरुस्त करायला त्याला बातमी लागते. ‘चिझिकमध्ये स्फोट’ असं छापणं म्हणजे जर्मन तोफखान्याला फुकटचा निरीक्षक पुरवणं. इथे मनोधैर्याचा प्रश्न दुय्यम, लष्करी कारण पहिलं.

---

कंदील

@बिनतारी, ‘कुठे पडलं’ हे लपवणं मला मान्य आहे. ‘काय पडतंय’ हे लपवण्याचं कारण काय? ८ नोव्हेंबरला खुद्द जर्मनांनी व्ही-२ ची घोषणा केली, त्यानंतर चर्चिल बोलले. म्हणजे लंडनच्या माणसाला त्याच्या अंगणात काय पडतंय हे आधी शत्रूने सांगितलं.

---

बिनतारी

रॉकेट लंडनपर्यंत पोचतंय की वाटेतच फुटतंय हेही जर्मनांना खात्रीने कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे ‘काय’ आणि ‘कुठे’ इतके सुटे करता येत नाहीत. पण दोन महिने जास्त झाले, हे मान्य.

आणि आता तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो, कारण तो मला अनेक वर्षं टोचतो. त्याच उन्हाळ्यात व्ही-१ म्हणजे उडते बॉम्ब येत होते. जर्मनीचे ब्रिटनमधले हेर तोवर ब्रिटिशांनी उलटवलेले होते. त्यांच्यामार्फत खोटे अहवाल पाठवले गेले, की बॉम्ब लंडनच्या मध्याच्या पुढे पडताहेत. हेतू हा, की जर्मनांनी पल्ला कमी करावा. पल्ला कमी झाला की बॉम्ब पडणार दक्षिण आणि आग्नेय लंडनच्या वस्त्यांवर. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांचा विरोध होता. कोणी मरायचं हे आपण ठरवायचं का, असा त्यांचा आक्षेप. तरी ते चालू राहिलं. त्याचा उपयोग किती झाला यावर अजून वाद आहे. पण ज्या घरांवर बॉम्ब वळवायचा प्रयत्न झाला, त्या घरांना युद्ध संपून कित्येक वर्षं होईपर्यंत हे कळलं नाही. याला तुम्ही सेन्सॉर म्हणाल की आणखी काही?

---

ओवी

बापरे. हे माहीत नव्हतं.

---

खिळेजोड

सेन्सॉर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो संपादकाच्या मानगुटीवर बसलेला अधिकारी. ब्रिटनमध्ये तसं नव्हतं, आणि तिथेच खरी हुशारी होती. वर्तमानपत्राने मजकूर तपासायला पाठवणं कागदावर ऐच्छिक होतं. पण शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती छापणं हा गुन्हा होता. मजकूर पाठवला आणि शिक्का मिळाला, की संपादक सुटला. न पाठवता छापला आणि काही निघालं, की कोर्ट. कोण धोका पत्करणार? शिवाय बहुतेक बातम्या ज्या वृत्तसंस्थांकडून यायच्या, त्यांच्या तारा सेन्सॉरच्या हातावरूनच पुढे जायच्या. म्हणजे नळ उगमाशीच बंद. काय छापू नये याच्या गोपनीय सूचनाही संपादकांकडे येत, त्यांना ‘डी-नोटीस’ म्हणत. १९४० च्या अखेरीपासून मुख्य सेन्सॉर होते रिअर अ‍ॅडमिरल जॉर्ज थॉमसन.

तत्त्व असं सांगितलं जायचं, की माहितीवर कात्री, मतांवर नाही. सरकारला शिव्या द्या, पण कुठली तुकडी कुठे आहे ते लिहू नका. हे तत्त्व बऱ्याच अंशी पाळलंही गेलं. अपवादही मोठे आहेत. कम्युनिस्टांचं ‘डेली वर्कर’ जानेवारी १९४१ मध्ये बंद केलं ते दीड वर्षाहून जास्त काळ. आणि मार्च १९४२ मध्ये ‘डेली मिरर’ने झेक यांचं एक व्यंगचित्र छापलं: बुडालेल्या जहाजाचा खलाशी समुद्रात फळकुटाला बिलगून पडलाय आणि खाली ओळ, की पेट्रोल एक पेनीने महागलं. झेक यांचं म्हणणं, पेट्रोल उधळू नका, त्यासाठी माणसं मरताहेत. सरकारने वाचलं, नफेखोरांसाठी खलाशी मरताहेत! मिररला बंद करण्याची धमकी मिळाली. म्हणजे मतावर कात्री नाही, पण मत चुकीचं समजलं गेलं तर आहे.

---

आडवाट

थोडं मागचं, पहिल्या महायुद्धातलं. २७ ऑक्टोबर १९१४ ला ‘ऑडेशियस’ ही युद्धनौका सुरुंगाने आयर्लंडजवळ बुडाली. नौदलाने ठरवलं, बातमी फुटू द्यायची नाही. अडचण एवढीच होती, की जवळच ‘ऑलिंपिक’ हे प्रवासी जहाज होतं (टायटॅनिकचं भावंड) आणि त्यावरच्या अमेरिकन प्रवाशांनी कठड्याला टेकून फोटो काढले. फोटो अमेरिकेत छापून आले. ब्रिटिश नौदलाच्या लेखी मात्र जहाज तरंगतच होतं. अधिकृत घोषणा १४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबल्यावर तीन दिवसांनी.

मांजर डोळे मिटून दूध पितं, दुसरं काय.

---

ओवी

आडवाट :D

पण जहाजाचीच दुसरी गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४१ ला ‘बारहॅम’ ही युद्धनौका भूमध्य समुद्रात पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. आठशेहून जास्त खलाशी गेले. पाणबुडीच्या कप्तानाला आपण काय बुडवलं याची खात्री नव्हती, म्हणून ब्रिटनने दोन महिने गप्प राहायचं ठरवलं. बिनतारी म्हणतात तसं ठोस लष्करी कारण. पण खलाशांच्या घरी कळवायला तर हवं. पत्रं गेली, आणि त्यात विनंती, की हे कुणाला सांगू नका. नवरा गेलाय, शेजारीण विचारतेय ‘पत्र आलं का गं?’ आणि हिने बोलायचं नाही. एवढी मोठी गोष्ट शेकडो घरांत दोन महिने झाकून राहिली असेल असं वाटतं का?

नाहीच राहिली. पोर्टस्मथमध्ये हेलन डंकन नावाच्या बाईच्या प्रेतात्मे बोलावण्याच्या बैठकीत ‘बारहॅम’चा खलाशी अवतरला. बाईंची चर्चा वाढली. १९४४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला, तोही १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली, आणि नऊ महिन्यांची शिक्षा झाली. माझा भुतांवर विश्वास नाही. शेकडो घरांत पत्रं गेल्यावर कुणाच्या तरी तोंडून बाईंच्या कानावर गेलं असणार. पण बघा ना, माहिती सरकारकडून मिळत नाही म्हटल्यावर लोक मेलेल्यांना विचारायला गेले.

---

खडूफळा

ओवी, शेवटचं वाक्य लिहून ठेवतो.

---

कंदील

ओवींनी अफवांचा विषय काढलाच आहे तर सांगतो. १९४० च्या सुरुवातीला बीबीसीने पाहणी केली, तेव्हा दर सहा प्रौढांतला एक जण जर्मनीहून इंग्रजीत बोलणाऱ्या ‘लॉर्ड हॉ-हॉ’ला नियमित ऐकत होता आणि तिघे अधूनमधून. ब्रिटनमध्ये शत्रूचा रेडिओ ऐकणं हा गुन्हा नव्हता, जर्मनीत पहिल्या दिवसापासून होता. लोक ऐकत कशाला? एक कारण साधं होतं: आपल्याकडचे सांगत नाहीत ते तो सांगतो, असा समज. मग गावोगाव एकच अफवा: हॉ-हॉ म्हणाला, तुमच्या चौकातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे! मंत्रालयाने प्रक्षेपणं तपासली. असलं काही तो कधी बोललाच नव्हता. लोकांनी स्वतःच रचलं आणि स्वतःच घाबरले.

यावर मंत्रालयाचा उपाय म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जुलै १९४० मध्ये ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम. अफवा पसरवणाऱ्यांची नमुनेदार पात्रं काढली: मिस टीकप व्हिस्पर, मिस्टर ग्लमपॉट वगैरे. शेजारी असं बोलताना दिसला तर टोका, ऐकत नसेल तर कळवा. त्याच सुमारास ‘भीती आणि नैराश्य पसरवल्या’बद्दल साध्यासुध्या माणसांवर खटलेही झाले. लोक असे भडकले, की महिना संपायच्या आत चर्चिल यांनी संसदेत मोहीम गुंडाळल्याचं सांगितलं.

आणि काखेत कळसा बघा. लोक भडकलेत हे मंत्रालयाला कळलं कसं? त्यांच्याच एका विभागाकडून. मेरी अ‍ॅडम्स यांच्या हाताखालचा ‘होम इंटेलिजन्स’ १८ मे १९४० पासून रोज आणि पुढे दर आठवड्याला लोकांच्या मनःस्थितीचा अहवाल काढत होता. (पेपरांनी त्यांच्या माणसांना ‘कूपरचे चोंबडे’ म्हणून झोडपलं.) ते अहवाल आज वाचायला मिळतात. तक्रार पुन्हा पुन्हा तीच: बातमी उशिरा येते, अर्धी येते, आम्हाला पोरं समजतात. घाबरल्याच्या नोंदीही आहेत, नाही असं नाही. पण वाईट बातमीपेक्षा बातमी दडवल्याचा राग जास्त, हे सरकारच्याच टेबलावर रोज सकाळी येऊन पडत होतं.

---

बिनतारी

इथे मी अडून बसणार. कॉव्हेंट्री घ्या. १४ नोव्हेंबर १९४० ची रात्र, जर्मन बॉम्बहल्ला, पाचशेहून जास्त मृत्यू. सहसा शहराचं नाव देत नसत, इथे सरकारने लगेच नाव जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तिथे पोचलेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या सामान्य लोकांच्या वागण्याबोलण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या निरीक्षकांनी लिहिलं, की आधीच्या दोन महिन्यांत सगळीकडे मिळून जेवढी घबराट दिसली नव्हती तेवढी एका संध्याकाळी दिसली. आता हे सगळं जसंच्या तसं छापलं असतं तर पुढच्या शहरावर काय परिणाम झाला असता? घाबरणं संसर्गजन्य असतं. सरकारची भीती अगदीच हवेतली नव्हती.

---

खिळेजोड

बिनतारी, कॉव्हेंट्रीचं नाव जाहीर झाल्यावर जगभर सहानुभूती मिळाली, अमेरिकेत विशेष. ज्यांचं नाव जाहीर झालं नाही त्यांचं काय? हल शहराचं नाव बातमीत यायचं नाही. ‘ईशान्य किनाऱ्यावरील एक शहर’, बस्स. युद्धाअखेर तिथली ९५ टक्के घरं या ना त्या प्रमाणात मोडलेली होती आणि बाराशेच्या आसपास माणसं गेली होती. हलचे लोक हे अजून विसरलेले नाहीत. मार खायचा आणि वर निनावी राहायचं. मनोधैर्य म्हणाल, तर आपलं दुःख कुणाला तरी दिसतंय हा केवढा आधार असतो! तो आधार सेन्सॉरने काढून घेतला.

---

आडवाट

अवांतर: तो पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून बाटल्यांचा क्रेट घेऊन चाललेला दूधवाला आठवतो? ऑक्टोबर १९४० चा जगप्रसिद्ध फोटो. तो दूधवाला नाही, छायाचित्रकार फ्रेड मॉर्ली यांचा मदतनीस आहे, कुणाचा तरी पांढरा कोट चढवून. नुसत्या पडझडीचे फोटो सेन्सॉर अडवत होता, म्हणून त्यात जिद्दीचा माणूस उभा केला, आणि फोटो पास.

मला यात विशेष पाप दिसत नाही. दूध पोचवणारे खरे दूधवाले होतेच.

---

खडूफळा

मग १५ सप्टेंबर १९४० चा आकडा पण चालवून घ्याल. त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडली म्हणून जाहीर झालं, खरी साठच्या आतबाहेर. यात सगळाच खोटेपणा नव्हता हेही सांगायला हवं. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात आणि तिघेही आपलं म्हणून मोजतात. सरकारने तो फुगा फक्त फोडला नाही.

तुलनेला जपान बघा. जून १९४२ मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईत त्यांच्या चार विमानवाहू नौका गेल्या. जाहीर काय केलं? एक बुडाली, एकीचं मोठं नुकसान. परत आलेल्या जखमींना इस्पितळात वेगळं काढून ठेवलं, कुणाशी बोलू नये म्हणून. युद्ध संपल्यावर शाही मुख्यालयाची घोषणा, ‘दाइहोनेई हाप्प्यो’, हा जपानीत धडधडीत थापेसाठी वाक्प्रचारच झाला. ब्रिटिशांनी एवढी पत घालवली नाही, कारण बीबीसी पराभवही सांगत होती. १५ ऑक्टोबर १९४० ला ब्रॉडकास्टिंग हाउसवर बॉम्ब पडून सात कर्मचारी गेले, आणि ब्रूस बेलफ्रेज रात्री नऊच्या बातम्या वाचत राहिले. हा प्रचार नव्हे, पण त्याहून मोठा प्रचार कोणता?

---

ओवी

पण पराभव ‘सगळे’ सांगितले नाहीत ना. १७ जून १९४० ला फ्रान्सच्या सॅं-नाझेरजवळ ‘लँकास्ट्रिया’ हे ब्रिटिश जहाज बुडालं, तीन हजारांहून जास्त माणसं गेली. चर्चिल यांनी बातमी थांबवली. त्यांनी स्वतःच नंतर लिहिलंय, की त्या दिवसापुरती वाईट बातमी पुरे झाली असं वाटलं, आणि पुढे घटनांच्या गर्दीत बंदी उठवायचं राहून गेलं. पाच-सहा आठवड्यांनी अमेरिकन पेपरातून बाहेर आलं. राहून गेलं! मला त्या बंदीपेक्षा हे ‘राहून गेलं’ जास्त लागतं.

---

कंदील

मूळ प्रश्न ‘कुणाचं धैर्य’ हा होता. त्यावर एक शेवटचं प्रकरण देतो.

३ मार्च १९४३ ची रात्र, पूर्व लंडनचं बेथनल ग्रीन भुयारी स्थानक. भोंगा झाला, लोक आत शिरू लागले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून विमानविरोधी रॉकेटांची नवीच फैर सुटली, तसला आवाज कुणी आधी ऐकला नव्हता. गर्दी ढकलली गेली. ओल्या पायऱ्या, एक मिणमिणता दिवा, मधे आधाराला कठडा नाही. लेकराला घेतलेली एक बाई खालच्या पायऱ्यांवर अडखळली आणि तिच्यावर माणसांचा ढीग कोसळला. १७३ मृत्यू, त्यातली ६२ मुलं. त्या भागात त्या रात्री एकही बॉम्ब पडला नव्हता.

पेपरांत दुर्घटना आली, पण ठिकाणाचं नाव नाही. दंडाधिकारी लॉरेन्स डन यांनी चौकशी केली, काही आठवड्यांत अहवाल दिला. सरकारने तो छापला नाही. कारण तेच, मनोधैर्य, शत्रूला उत्तेजन वगैरे. आता अहवालाआड काय होतं ते बघा. स्थानिक बरो कौन्सिलने (म्हणजे तिथल्या नगरपालिकेने) १९४१ मध्येच वरच्या कार्यालयाला लिहिलं होतं, की हे प्रवेशद्वार गर्दीच्या रेट्याला टिकणार नाही, पक्कं बांधायला परवानगी द्या. खर्चाचं कारण देऊन नकार आला होता. दुर्घटनेनंतर दोष कौन्सिलवर आला, आणि कौन्सिलला त्या पत्राबद्दल बोलायची मुभा नव्हती. लोक काय समजले? की पळापळ करून आम्हीच एकमेकांना मारलं. अहवाल प्रसिद्ध झाला जानेवारी १९४५ मध्ये.

@बिनतारी, ‘बारहॅम’बद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. व्ही-२ बद्दल निम्मा. इथे लष्करी कारण कुठलं?

---

बिनतारी

इथे नाही. नव्या रॉकेटांचा आवाज लपवायचा होता असं फार तर म्हणता येईल, पण ती तर सगळ्या मोहल्ल्याने ऐकली होती. हे कार्यालयाचं धैर्य सांभाळणं झालं, मान्य.

---

ओवी

मधला कठडा नंतर बसवला का?

---

कंदील

हो. दुर्घटनेनंतर लगेच.